मुद्दाम ठेवलेला उशीर

मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघणाऱ्याला विकेट पडल्याचे अनेकदा पडद्याआधी शेजारच्या घरातून कळते. तिथे टीव्ही चालू असतो आणि आरडाओरडा भिंतीपलीकडून आधी ऐकू येतो. मग खापर फुटते ते नेटवर. स्पीड नाही, रेंज नाही, ५जी आले की सुटेल. पण ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चौदाशे किलोमीटरची फायबर धरली, तरी मुंबईहून दिल्ली गाठायला त्याला सात मिलिसेकंद पुरतात. वीस-तीस सेकंद वाटेत जाणे शक्यच नाही. हा उशीर व्यवस्थेत मुद्दाम ठेवलेला असतो, आणि प्रेक्षक लाखो-कोटींनी असतील तिथे तो ठेवणेच शहाणपणाचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वी ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेअरच्या काळात आरटीएमपी हा प्रोटोकॉल चाले. त्यात सर्व्हर आणि प्रेक्षक यांच्यात जोडणी अखंड चालू असे आणि उशीर जेमतेम काही सेकंदांचा. ॲपलने २००९ मध्ये आयफोनसाठी एचएलएस आणले आणि ही पद्धतच बदलली. व्हिडिओचे तुकडे पाडायचे, ते वेबसाइटवरच्या साध्या फाइलींसारखे ठेवायचे आणि सोबत तुकड्यांची एक यादी ठेवायची. प्लेअर ती यादी दर काही सेकंदांनी मागवतो आणि नवा तुकडा दिसला की उतरवून घेतो. यात दोन ठिकाणी वेळ जातो. तुकडा पुरता तयार झाल्याशिवाय यादीत चढत नाही, आणि प्लेअरने यादीच्या शेवटापासून निदान तीन तुकडे मागून सुरुवात करावी असा दंडक आहे. सुरुवातीला तुकडे दहा सेकंदांचे होते, म्हणजे तीस सेकंद तिथेच गेले. २०१६ मध्ये ॲपलने शिफारस सहा सेकंदांवर आणली, तरी अठरा उरलेच. स्पीड दहापट झाला तरी तीन गुणिले सहा अठराच होतात. मागे ठेवलेला हा साठा, म्हणजे बफर, गच्चीवरच्या टाकीसारखा असतो. नळ थोडा वेळ गेला तरी घरातले पाणी थांबत नाही. गाडी घाटातल्या बोगद्यात शिरली आणि रेंज दहा सेकंद गेली, तरी चित्र चालू राहते ते त्याच्याच जिवावर.

या फाइल-पद्धतीचा खरा फायदा मात्र गर्दीत दिसतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. फाइल एकदा तयार झाली की तिच्या प्रती सीडीएनच्या, म्हणजे ठिकठिकाणी ठेवलेल्या साठवण-सर्व्हरच्या, जाळ्यात पसरतात आणि मूळ सर्व्हरला पुन्हा हात लावावा लागत नाही. प्रत्येकाने सहा सेकंदांचा तुकडा मागितला असे धरले, तर सेकंदाला जवळजवळ एक कोटी मागण्या होतात. तेच तुकडे एक तृतीयांश सेकंदाचे केले, तर सेकंदाला १७ कोटींहून अधिक. यादीच्या मागण्या वेगळ्याच.

यावर कोणी म्हणेल, वेगवान प्रोटोकॉल तर आहेत. आहेतच. ॲपलने २०१९ मध्ये एचएलएसची कमी उशिराची आवृत्ती जाहीर केली. तिच्यात तुकडा तयार होत असतानाच त्याचे बारीक भाग पाठवता येतात आणि उशीर दोन सेकंदांच्या आसपास आणता येतो. त्याहून पुढची वेबआरटीसी. व्हिडिओ कॉलसाठी घडवलेली आणि २०२१ मध्ये अधिकृत वेब-मानक झालेली. तिचा उशीर एका सेकंदाच्याही आत. एचएलएस सहसा टीसीपी या वाहतूक-प्रोटोकॉलवर चालते. तिथे वाटेत हरवलेले पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा गठ्ठा, पुन्हा पाठवला जाऊन येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. वेबआरटीसी बहुधा यूडीपी या दुसऱ्या वाहतूक-प्रोटोकॉलवर चालते आणि वेळेत न आलेल्याची फार वाट बघत नाही. कॉलमध्ये समोरच्याचा चेहरा क्षणभर चौकोनी होऊन पुन्हा सावरतो, तो यामुळे. बोलताना ते चालते, चेंडू बॅटला लागला की नाही हे बघताना चालत नाही. शिवाय वेबआरटीसीत प्रत्येक प्रेक्षकासाठी सर्व्हरला जिवंत जोडणी सांभाळावी लागते. साठवलेल्या फाइलीची सोय तिथे नाही. फाइलींची सोय आणि वेबआरटीसीचा वेग यांचा मेळ घालण्यासाठी आयईटीएफ ही मानके ठरवणारी संस्था क्विक या नव्या वाहतूक-प्रोटोकॉलवर व्हिडिओ पाठवण्याची पद्धत घडवते आहे. ती रुळली, तर माझ्या युक्तिवादातला सर्व्हरवरच्या भाराचा भाग ढिला पडेल, हे मान्य. साठा कमी केला की चित्र अडखळण्याची शक्यता वाढते, हा भाग मात्र तेव्हाही उरेल.

शेजाऱ्याच्या आरोळीची तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ दोन घरांतल्या फरकात आहे. टीव्हीही तत्क्षणी नसतोच. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन परत यायलाच पाव सेकंद जातो आणि एन्कोडिंगचे काही सेकंद वर. म्हणून मोबाइलला शून्यावर नेण्याचा हट्ट न धरता त्याला टीव्हीच्या बरोबरीला आणावे. सगळे मोबाइलही एकमेकांच्या बरोबरीला यावेत. त्याची सोय आहे. डॅश या प्रोटोकॉलमध्ये ठरावीक उशिराचे लक्ष्य देता येते आणि मागे पडलेला प्लेअर वेग किंचित वाढवून ते गाठतो. बघणाऱ्याला कळतही नाही.

उशीर खरोखर जाचतो तो पलीकडून उत्तर अपेक्षित असते तिथे. डॉक्टरांचा व्हिडिओ सल्ला, लिलाव, शंका विचारता येतील असा वर्ग. आवाजी संभाषणासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस एका दिशेने १५० मिलिसेकंदांची आहे. तिथे बफरचे लाड परवडत नाहीत. म्हणून गावातला कार्यक्रम, व्याख्यान किंवा लग्न यूट्यूबवरून थेट दाखवणाऱ्यांनी सेटिंगमधल्या नॉर्मल, लो आणि अल्ट्रा-लो या तीन पर्यायांकडे एकदा नीट बघावे. प्रेक्षकांशी प्रश्नोत्तरे होणार असतील तरच अल्ट्रा-लो निवडावे, नाहीतर नॉर्मलच राहू द्यावे.