टायफॉईडचा जंतू लपतो कुठे?

साल्मोनेला टायफी दूषित अन्नपाण्यातून पोटात जातो आणि आतड्याची भिंत ओलांडतो. पलीकडे त्याला गिळायला मॅक्रोफेज पेशी टपलेल्याच असतात. पण हा पठ्ठ्या गिळला तरी मरत नाही! त्याच पेशीत बसून वाढतो आणि तिच्यासोबत यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेपर्यंत पोचतो. वर अंगावर ‘व्हीआय’ नावाचं साखरेच्या साखळ्यांचं आवरण, त्यामुळे धोक्याची घंटा उशिरा वाजते. ताप यायला साधारण १ ते २ आठवडे लागतात.

अँटिबॉडी पेशीबाहेरचे जंतू पकडतात, आतले नाही. तिथे टी-पेशीच लागतात. त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, मग मॅक्रोफेजला आतला जंतू मारायचं बळ येतं.

मग लस कशी काम करते? जंतू पेशीत शिरण्याआधीच त्याला गाठून. पण नुसती साखर टी-पेशींना ओळखता येत नाही, म्हणून जुनी व्हीआय लस २ वर्षांखालच्या बाळांना उपयोगाची नव्हती. नव्या लशीत ती साखर प्रथिनाला जोडलेली असते. टी-पेशी प्रथिन ओळखतात आणि बी-पेशींना मदत करतात. ही लस ६ महिन्यांच्या बाळालाही चालते. नवी मुंबईत २०१८ मध्ये महापालिकेने हीच लस मुलांना दिली.

आणि हो, ताप उतरला म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. काही जंतू अजून आत लपलेले असू शकतात.