बिलिंगचा डेटा कुठे ठेवायचा: नॅस की ब्लॉक स्टोरेज?

दुकानात दुसरा कॉम्प्युटर आला की हा प्रश्न हमखास येतो. काउंटरवर बिल होतंय, आत स्टॉकची एंट्री चाललीये, मग डेटा ठेवायचा कुठे? हार्डवेअरवाला म्हणतो, "नॅस घ्या, सगळं एका जागी." सल्ला चांगला आहे, पण अर्धाच.

आधी फरक समजून घ्या.

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा. आतल्या फाइलींचा हिशोब तो स्वतः ठेवतो. गोदामात माणूस बसवलाय असं समजा. तुम्ही चिठ्ठी पाठवायची, तो माल काढून देणार. पाच जणांनी चिठ्ठ्या पाठवल्या तरी तो सांभाळतो.

ब्लॉक स्टोरेज म्हणजे रिकामा गाळा, किल्लीसकट. आत मांडणी कशी करायची ते तुमचा कॉम्प्युटर ठरवतो. कॉम्प्युटरमधली एसएसडी हे याचंच साधं उदाहरण.

आता डेटाबेसचं काम बघा. तो सबंध फाइल पुन्हा पुन्हा लिहीत नाही, छोटे तुकडे बदलतो. पोस्टग्रेस ८ केबीची पानं वापरतो, मायएसक्यूएलचं इनोडीबी सहसा १६ केबीची. बिल सेव्ह केलं की "डिस्कवर लिहिलं" अशी खात्री मिळेपर्यंत तो थांबतो. तोच रेकॉर्ड दुसऱ्याने त्याच क्षणी बदलू नये म्हणून कुलूपही लावतो.

नॅसवर अडचण इथेच येते. गिगाबिट लाइनवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात, म्हणून मोठी फाइल पटकन कॉपी होते. पण शेकडो छोट्या चिठ्ठ्यांची ये-जा वेळ खाते आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळतं. वेगाहून मोठा धोका कुलपाचा आहे. नेटवर्क फोल्डरवर कुलूप नीट लागलं नाही तर डेटाबेसची फाइलच खराब होऊ शकते. एसक्यूलाइट बनवणारेसुद्धा अशा वापरापासून सावध करतात.

मग करायचं काय?

दोन-पाच कॉम्प्युटरच्या दुकानात एका चांगल्या कॉम्प्युटरला सर्व्हर करा. त्यात एसएसडी टाका, यूपीएस लावा, डेटाबेस तिथेच चालवा. बाकीचे कॉम्प्युटर त्या प्रोग्रॅमशी बोलतील, फाइलला हात लावणार नाहीत. काही अकाउंटिंग सॉफ्टवेअर मात्र शेअर केलेल्या फोल्डरवरच चालतात. तिथे सॉफ्टवेअर कंपनीच्या सूचना पाळा.

नॅस घ्यायचाच नाही का? जरूर घ्या! बिलांचे स्कॅन, मालाचे फोटो, कोटेशन आणि रोजचा बॅकअप यासाठी तो उत्तम.

बऱ्याच नॅसमध्ये आय-स्कझी नावाची सोय असते. तिच्यामुळे नॅसची जागा तुमच्या सर्व्हरला स्वतःच्या डिस्कसारखी दिसते, म्हणजे ब्लॉक स्टोरेजच. फक्त एक पथ्य: तीच जागा साध्या पद्धतीने दोन कॉम्प्युटरना जोडू नका. एका गाळ्यात दोघांनी आपापल्या वहीप्रमाणे माल लावला तर गोंधळ ठरलेला.

क्लाउडवरही हाच नियम. अॅमेझॉनचं ईबीएस हे ब्लॉक, ईएफएस हे फाइल स्टोरेज. स्वतः डेटाबेस चालवत असाल तर साधारणपणे ईबीएस निवडतात.

कोटेशन घेताना तीन प्रश्न विचारा:

१. माझं सॉफ्टवेअर डेटाबेस कुठे ठेवायला सांगतं?
२. लाइट गेली तर अर्धवट लिहिलेल्या बिलाचं काय होणार?
३. बॅकअप कुठे जाणार, आणि तो परत उघडून कोण दाखवणार?

तिसरा प्रश्न सोडू नका. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर रेड वाचवेल, पण चुकून डिलीट झालेली एंट्री दोन्ही डिस्कवरून जाते. म्हणून एक प्रत दुकानाबाहेर ठेवा आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मागच्या महिन्याचं एखादं बिल त्यात सापडलं, तरच बॅकअप आहे असं म्हणा.