तीन किल्ल्यांची तिजोरी

विरार, नालासोपारा, वसई या पट्ट्यात सहकारी गृहनिर्माण सोसायट्या किती आहेत हे मोजायला बसलेल्या माणसाची दिवाळी त्यातच जाईल. पण त्यांतल्या कोणत्याही एका सोसायटीच्या ऑफिसात शिरा. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, एक लोखंडी कपाट आणि चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तेथे चेकबुक पाहायला मागा. चेकवर दोन सह्या लागतात. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्यापैकी दोघांच्या. एकटा कितीही मोठा असला तरी त्याच्या एकट्याच्या सहीला बँक भीक घालीत नाही. एक जण गावी गेला, आजारी पडला किंवा नुसता रुसला, तरी टँकरवाल्याचे बिल अडत नाही. आणि एकाच्या मनात पाप आले तरी पैसा हलत नाही. सहकाराची सवय या भागाला जुनी आहे. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेची स्थापनाच १९१८ सालची. तेव्हा दोन सह्यांचे शहाणपण येथे कोणाला शिकवायला नको.

आणि या शहाणपणाची वाट कशी लावतात तेही कोणाला शिकवायला नको! खजिनदारसाहेब पहाटेची लोकल पकडतात ते रात्री नऊला घरी टेकतात. त्यांना गाठायचे कुठे? मग रविवारी सकाळी चहाबरोबर ते दहा कोऱ्या चेकांवर सह्या ठोकून मोकळे होतात. कागदावर सह्या दोन, प्रत्यक्षात माणूस एक. वाचकहो, हा कोरा चेक जरा लक्षात असू द्या. आजचा विषय बिटकॉइनच्या तिजोरीचा असला तरी गोष्ट या कोऱ्या चेकाचीच आहे.

बिटकॉइन म्हणजे खणखणणारे नाणे नव्हे. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच खातेवही ठेवलेली असते आणि तीतली ती एक नोंद असते. ती नोंद हलविण्याचा अधिकार एका प्रचंड गुप्त आकड्याला. हाच आकडा म्हणजे किल्ली. तो ज्याला ठाऊक तो मालक. येथे मॅनेजर नाही, डुप्लिकेट पासबुक नाही, 'सही जुळत नाही, उद्या या' म्हणणारा कारकूनही नाही. किल्ली हरवली की पैसा गेला; चोराला सापडली तरी गेला.

हा पैसा घ्यावा की घेऊ नये, हा सल्ला मी देणार नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारापासून दूर राहण्याचा हुकूम दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये तो रद्द केला, आणि १ एप्रिल २०२२ पासून सरकार त्यावरील नफ्याचे तीस टक्के कर म्हणून घेऊ लागले. तोट्याची वजावट मात्र नाही. माझ्यासारखा मुदत ठेवीत वाढलेला माणूस एवढ्यावरच दाराला कडी घालील. पण ज्यांनी घेतलाच आहे त्यांनी तो सांभाळावा कसा, हा प्रश्न उरतोच.

एका किल्लीवर भरवसा ठेवू नये, ही युक्ती काही संगणकाने शोधलेली नाही. वसई १७३९ पर्यंत ज्यांच्या ताब्यात होती त्या पोर्तुगिजांच्या नगरसभांत आणि धर्मादाय संस्थांत तीन किल्ल्यांची पेटी असे. प्रत्येक किल्ली वेगळ्या माणसाकडे. इंग्रजी अमलात सरकारी खजिन्याला दुहेरी कुलूप आले. बँकेच्या लॉकरला आजही आपली एक आणि बँकेची एक अशा दोन किल्ल्या लागतात. या जुन्या पेट्यांत एकच खोट. तीन किल्ल्यांपैकी एक खाडीत पडली तर लोहाराला बोलवावे लागे. बिटकॉइनची पेटी फोडणारा लोहार अजून जन्मलेला नाही. म्हणून तेथे २०११-१२ च्या सुमारास सोसायटीच्या चेकासारखा नियम रूढ झाला. किल्ल्या तीन, पण उघडायला कोणत्याही दोन पुरेत. जाणकार याला मल्टिसिग म्हणतात. मल्टि म्हणजे अनेक आणि सिग म्हणजे सही. नावात एवढाच अर्थ आहे.

विरारजवळ आगाशीच्या एका कुटुंबात हा सारा खटाटोप मला जवळून पाहायला मिळाला. दोघे भाऊ आणि एक बहीण. दादा आगाशीलाच राहतात, ताईंचे सासर वसईगावात आणि धाकटा नाशिकला नोकरीला. नाणी धाकट्याने घेतलेली, पण ती तिघांच्या नावची समजायची, असे आईच्या देखत ठरलेले. आईचे म्हणणे एकच होते, "अरे, सोनं घेतलं असतंत तर हा पसारा मांडावा लागला असता का?" तिला उत्तर कोणीच दिले नाही.

धाकट्याने तीन हार्डवेअर वॉलेटे मागविली. पेनड्राइव्हएवढी वस्तू, इवलासा पडदा आणि दोन-चार बटणे. किल्ली या डबीच्या आत जन्मते आणि आतच राहते. संगणक तिच्यापुढे कागद धरतो, ती सही करून परत देते, पण किल्ली कधी दाखवीत नाही. अशी पहिली डबी, ट्रेझर, २०१४ साली प्राग शहरातून बाजारात आली. लेजर ही फ्रान्सची. या घरी दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या डब्या होत्या. एकीच्या कारागिरीत खोट निघाली तरी तिन्ही किल्ल्या एकदम बाद होऊ नयेत, हा हेतू. आणि खरेदी थेट कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून. वापरलेली डबी स्वस्त मिळते म्हणून घेणे म्हणजे चोराकडून कुलूप घेणे.

मग तिघे तीन खोल्यांत बसले. प्रत्येकाच्या डबीने पडद्यावर चोवीस इंग्रजी शब्द दाखविले. २,०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, तीतून हे निवडले जातात. डबी फुटली, हरवली, तरी या शब्दांवरून किल्ली नव्या डबीत पुन्हा उभी करता येते. शब्द हाताने कागदावर उतरवायचे. मोबाइलने फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही, एकमेकांना दाखवायचेही नाहीत. दादांनी सवयीने फोन काढला तो ताईंनी हातातून काढून घेतला.

कागदाचा प्रश्न वसईकराला वेगळा सांगावा लागत नाही. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार कसे पाण्यात उभे होते आणि नालासोपाऱ्याचे रूळ कसे दिसेनासे झाले होते, ते सर्वांना आठवते. तेव्हा शब्द स्टीलच्या पट्टीवर उठवायचे ठरले. वसई पूर्वेला लेथवर काम करणारे कारखाने पुष्कळ, पण कारागिराला शब्द सांगितले की गुप्तता संपली! म्हणून पट्ट्या, हातोडी आणि अक्षरांचे ठसे घरी आणून ताईंनी एकामागून एक अक्षर स्वतः ठोकले. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, एवढी ठोकाठोक कसली म्हणून.

पुढचा भाग संगणकावरचा. प्रत्येक डबीने आपली जाहीर किल्ली संगणकाला दिली. ती पत्त्यासारखी असते. तिच्याने पैसे येतात, जात नाहीत. तिन्ही जाहीर किल्ल्या मिळून एक तिजोरी झाली, आणि तिचा पत्ता तिन्ही डब्यांच्या पडद्यांवर तोच दिसतो की नाही हे एकेक अक्षर वाचून ताडून पाहिले.

येथे एक गोम आहे आणि तिने पुष्कळांना फसविले आहे. तीनपैकी दोन पुरेत म्हटल्यावर माणूस समजतो की दोन पट्ट्या हाती असल्या की झाले. तसे नाही! तिजोरी शोधायला तिसऱ्याची जाहीर किल्लीही ठाऊक असावी लागते. ती नसेल तर दोन सह्या हाती असूनही सही करायला कागद नाही, अशी अवस्था होते. म्हणून तिजोरीचा नकाशा, म्हणजे तिन्ही जाहीर किल्ल्या आणि 'तीनपैकी दोन' हा नियम, प्रत्येक पट्टीबरोबर ठेवायचा. नकाशा चोरीला गेला तर शिल्लक कळेल, पैसे जाणार नाहीत.

मोठी रक्कम आत टाकण्यापूर्वी धाकट्याने पाचशे रुपयांची नाणी पाठविली आणि दोन सह्यांनी परत काढली. मग दादांची डबी मुद्दाम कोरी करून पट्टीवरून पुन्हा भरायला लावली. डबीने शब्द नाकारले. दादांच्या कागदावरचा सतरावा शब्द त्यांचा त्यांनाच लागला नव्हता आणि ताईंनी दिसला तसा ठोकला होता. रक्कम आत असती आणि दहा वर्षांनी हे उघडकीस आले असते तर? (आणि दादांची किल्ली ताईंनी वाचली हेही धाकट्याच्या ध्यानात आले. ती किल्लीच त्याने रद्द केली. नवे शब्द, नवी तिजोरी, आणि दादांच्या हाती हातोडी!)

आता कोऱ्या चेकाकडे येतो. वझीरएक्स हे मुंबईत २०१८ साली सुरू झालेले आभासी चलनाचे बाजारपेठ-दुकान. त्याच्या एका मोठ्या तिजोरीला सहा सह्याकऱ्यांची व्यवस्था होती. पाच त्यांचे आणि एक लिमिनल या तिजोरी सांभाळणाऱ्या कंपनीचा. पैसे हलवायला वझीरएक्सच्या तिघांच्या आणि लिमिनलची एक अशा सह्या लागत. तिघांकडे हार्डवेअर डब्या होत्या. आपल्या आगाशीकरांहून बंदोबस्त कडेकोट! तरीही १८ जुलै २०२४ रोजी तीतून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ २,००० कोटी रुपये नाहीसे झाले. किल्ली एकही फोडली गेली नाही. सह्या खऱ्याच होत्या. पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, आणि सही झाली ती तिजोरीचे कुलूपच बदलण्याच्या कागदावर.

हे शक्य झाले, कारण ती तिजोरी इथेरियम या दुसऱ्या खातेवहीवरची होती. तेथे तिजोरी म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि पुरेशा सह्या मिळाल्या की तोच बदलता येतो. असा गुंतागुंतीचा कागद डबीच्या पडद्यावर वाचता येईल अशा रूपात बहुधा येत नाही. नुसती अक्षरांची माळ दिसते. माणूस मग संगणकाच्या मोठ्या पडद्यावर विसंबतो. दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्यांत वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदन काढून चोरी उत्तर कोरियाच्या माथी मारली. ग्राहकांचे पैसे अडकले ते वर्षाहून अधिक काळ. सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने परतफेडीची योजना मान्य केली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या काळात, २१ फेब्रुवारी २०२५ ला, दुबईच्या बायबिटवर हाच प्रयोग झाला आणि दीडशे कोटी डॉलर गेले. तेथेही सह्याकरी अनेक होते, डब्या होत्या, आणि सह्या खऱ्या होत्या.

आगाशीकरांनी या बातम्या वाचून नियम केला. पैसे हलवायचे असतील तर जो सुरुवात करील त्याने दुसऱ्याला फोन करायचा. संदेश नव्हे, आवाज. दुसऱ्याने आपल्या डबीच्या पडद्यावरचा पत्ता आणि रक्कम मोठ्याने वाचायची, पहिल्याने ताडायची. बिटकॉइनच्या डब्या एवढे तरी स्पष्ट दाखवितात. मागे ताईंना मुलाच्या फीसाठी घाईने रक्कम हवी होती. नाशिकचा फोन लागेना आणि दादा विरार लोकलच्या दारात उभे. "दादा, नुसतं बटण तर दाबायचंय," ताई म्हणाल्या. "गाडीत मी पेपरसुद्धा वाचत नाही," दादा म्हणाले, "घरी गेल्यावर बघू." फी एक दिवस उशिरा भरली गेली आणि दंडही पडला. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत.

एक प्रश्न मात्र तिघांनाही सुचला नव्हता. तो दादांच्या पत्नीने विचारला. "नाशिकच्या लग्नाला तुम्ही तिघं एकाच गाडीतून निघालात, आणि काही झालं, तर?" येथे नॉमिनी नेमायला बँक नाही. आता प्रत्येकाच्या घरी एक मोहोरबंद पाकीट आहे. त्यात शब्द नाहीत. पट्टी कुठे आहे, नकाशा कुठे आहे आणि कोणत्या क्रमाने काय करायचे, एवढेच मराठीत लिहिले आहे. आगाशीचे पाकीट वहिनींकडे असते, आणि ते कुठे ठेवले आहे ते त्यांनी दादांना सांगितलेले नाही.