कमळाचे भाऊबंद

काश्मीरमधील दल सरोवरात उन्हाळ्याच्या दिवसांत गुलाबी कमळे फुलतात. शांत पाण्यावर कुमुदिनीची पसरट पाने तरंगत असतात, आणि काठावर चिनारांचे प्रचंड वृक्ष आपली पंजाच्या आकाराची पाने हलवीत उभे असतात. या दोघांपैकी कमळाचा जवळचा नातलग कोण, असे कोणास विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता कुमुदिनीकडे बोट दाखवील. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांनीही दीर्घकाळ तेच केले.

त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. दोन्ही वनस्पतींचे कंद चिखलात रुजलेले. दोन्हींच्या देठांत हवेच्या पोकळ नळ्या. दोन्हींची पाने रुंद व वाटोळी. आणि फुलांत पाकळ्यांची व पुंकेसरांची दाटी. स्वीडनमधील थोर शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये वनस्पतींवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. फुलातील पुंकेसर पाहून वनस्पतींचे वर्ग पाडावयाचे, ही त्याची रीत. तीनुसार कमळ व कुमुदिनी एकाच प्रजातीत जाऊन बसल्या. पुढे कमळाला स्वतंत्र प्रजाती मिळाली. तथापि बेंथॅम व हूकर या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८६२ ते १८८३ या काळात जो ग्रंथ सिद्ध केला, त्यातही दोघांचे कूळ एकच राहिले. आपल्याकडील कवी या बाबतीत अधिक सावध होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांनी कमळ सूर्याला आणि कुमुद चंद्राला वाहून दोघांना कायमचे वेगळे ठेवले!

जरा निरखून पाहिले, तर भेद दिसू लागतात. कुमुदिनीचे पान पाण्यावर पडून राहते व त्याला एका बाजूने खाच असते. कमळाचे पान अखंड वाटोळे. त्याचा देठ पानाच्या मधोमध जोडलेला असतो, आणि मोठी पाने पाण्यापासून बरीच वर, छत्रीसारखी उभी राहतात. कुमुदिनीचे फळ पाण्याखाली पिकते आणि त्यात बारीक बियांची गर्दी असते. कमळाच्या फुलाच्या मध्यभागी मात्र शंकूच्या आकाराचा गड्डा असतो व त्याच्या खळग्यांत एकेक कठीण कमळगट्टा बसलेला असतो.

सर्वांत महत्त्वाचा भेद डोळ्यांना दिसतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर कुमुदिनीच्या परागकणावर एकच खाच आढळते. कमळाच्या परागकणावर तीन असतात. आंबा, पिंपळ, गुलाब, सूर्यफूल हा सारा मोठा परिवार मूळच्या अशा तीन खाचांच्या परागकणांचाच. असे कण सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत प्रथम दिसू लागतात. मग कमळाची जागा कोठे?

हा प्रश्न नुसत्या नावाचा नव्हता. चार्ल्स डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून 'कूळ' या शब्दाला खरा अर्थ आला होता. एका कुळातील वनस्पती म्हणजे एका पूर्वजाचे वंशज. वर्गीकरण ही आता सोयीची मांडणी न राहता वंशावळ झाली होती, आणि वंशावळीत परका माणूस घरचा म्हणून लिहिला गेला, तर पुढची सारी नाती चुकतात.

निर्णय अखेर पेशींतून मिळाला. प्रत्येक हिरव्या वनस्पतीच्या पेशीत तिच्या वंशाचा आलेख रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. आईबापांकडून तो संततीकडे उतरतो, आणि उतरताना क्वचित एखादे अक्षर बदलते. दोन वनस्पतींच्या आलेखांत असे फरक जितके थोडे, तितके त्यांचे नाते सामान्यतः जवळचे. मार्क चेस व त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी सुमारे ५०० वनस्पतींचा एकच जनुक ताडून पाहिला व १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुमुदिनी एकदल व द्विदल या दोन्ही मोठ्या शाखांच्या बाहेर, फुलझाडांच्या अगदी प्राचीन फांदीवर जाऊन बसली. आणि कमळ? ते काठावरच्या चिनाराशेजारी आले! चहाकॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात, तो ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओकही याच घराण्यातला निघाला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणात हे तिघे एका गणात ठेवले गेले.

चिनार व कमळ यांचे पूर्वज दहा कोटी वर्षांहूनही आधी वेगळे झाले. एका वंशाने जमीन धरली व त्यात वृक्ष झाले. दुसरा पाण्यात उतरला. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून देठांत नळ्या आल्या. ऊन हवे, म्हणून पाने पसरली. तीच गरज कुमुदिनीलाही होती व तिने तोच मार्ग धरला. देवमाशाचा आकार माशासारखा झाला, पण पिलांना तो दूधच पाजतो, तसेच हे.

बाजारात मखाना 'कमळाचे बी' म्हणून विकला जातो, तेथेही जुनाच घोटाळा आहे. मखाना येतो तो बिहारमधील तळ्यांत वाढणाऱ्या एका काटेरी पाणवनस्पतीपासून, आणि ती आहे कुमुदिनीच्या कुळातली.