लिंबाखाली उतरलेले हेड

तेंदूपत्त्याच्या हंगामात चामोर्शी तालुक्यातल्या रस्त्यावर एखादी बोलेरो बॉनेट वर करून उभी असेल आणि चालक रेडिएटरपासून दोन हात लांब थांबला असेल, तर समजावे, गाडीने पाणी फेकले आहे. बादलीभर पाणी ओतून ती घरापर्यंत येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मिस्त्री ऑइलचे झाकण उघडतो, खालचा चहाच्या रंगाचा फेस बोटावर घेतो आणि एवढेच म्हणतो, ‘हेड उतरवावे लागते.’

मार्कंडा हे याच तालुक्यातले, वैनगंगेच्या काठावरचे तीर्थ. नदी इथे उत्तरेला वळते, म्हणून ही विदर्भाची काशी. महाशिवरात्रीच्या यात्रेत गाड्या तासन् तास रांगेत धुमसत उभ्या असतात. एरवी गाव शांत असते आणि बिघडलेली गाडी अंगणातल्या लिंबाखालीच खोलली जाते. कंपनीचे वर्कशॉप दूर, टोचनचा खर्च जबर, आणि पंचाईत ही की गाडीच घराची कमाई असते. त्यामुळे ‘घरी हेड काढणे’ ही इथे हौस नाही.

हेड म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण. खाली ब्लॉकमध्ये पिस्टन, वर हेडात व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर, मधे कागदाहून थोडे जाड गॅस्केट. एका बाजूला पेटणाऱ्या डिझेलचा दाब, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला तेल, आणि तिघांना वेगळे ठेवायची जबाबदारी या एका पत्र्याची. टर्बो आला की काम आणखी कठीण होते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली पेटंट घेतलेली ही कल्पना: वाया जाणाऱ्या धुरावर पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. उष्णता आणि दाबही जास्त.

या भागात जुनी बोलेरो मिस्त्रीची लाडकी आहे, त्याला कारण आहे. 2000 साली आलेल्या या गाडीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत 2,523 सीसीचे इंजिन आहे. सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, पिस्टनची धाव चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बीडी-154 या ट्रॅक्टर इंजिनाचे माप नेमके हेच, आणि महिंद्राने 1963 मध्ये त्याच कंपनीशी भागीदारी करून ट्रॅक्टर बनवायला घेतले. ट्रॅक्टर खोलणाऱ्या हाताला ही बोलेरो परकी वाटत नाही. कॅम खाली ब्लॉकात, वर रॉकर, मधे पुश-रॉड. वरची जुळणी सुटली तरी टायमिंग जागचे हलत नाही.

काम मात्र ताकदीपेक्षा शिस्तीचे आहे. इंजिन रात्रभर निवू द्यायचे. गरम हेडाचे बोल्ट सोडले तर हेड वाकते. बॅटरीची तार काढायची, पाणी बादलीत उतरवायचे. मॅनिफोल्डचे गंजलेले नट आदल्या संध्याकाळीच गंजतेलाने भिजवलेले बरे, कारण स्टड तुटला की अर्धा दिवस गेला. मग टर्बोचे पाइप. इथे चांगला मिस्त्री थांबतो, हात पुसतो आणि उघड्या तोंडांत स्वच्छ फडक्याचे बोळे घालतो. हा छोटा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. नदीकाठच्या वाळूचा एक कण किंवा विसरलेला वॉशर त्याला पुरेसा आहे.

पुश-रॉड कसे ठेवतात ते पाहण्यासारखे असते. पुठ्ठ्याच्या खोक्याला पेनने आठ भोके, प्रत्येकाला आकडा, एका टोकाला ‘पंखा’ असा शब्द. रॉड निघाला की थेट त्या भोकात, कारण घासून जुळलेले रॉड अदलाबदल झालेले चालत नाहीत. हेडाचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करायचे. बसवताना उलट, मधून बाहेर. मग दोघे दोन बाजूंनी धरून हेड सरळ वर उचलतात. चिकटले तर सांध्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचे नाही. तो एक ओरखडा पुढच्या गळतीची सोय करतो.

यापुढे अंगण संपते. हेडावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेजची पाती सरकवली की वाक कळतो, आणि केसाच्या जाडीएवढा वाकही बहुतेक कारना चालत नाही. हेड पोत्यात गुंडाळून लेथवाल्याकडे फेसिंगला जाते. ‘मार दोन हात जास्त’ हा सल्ला डिझेलला महागात पडतो: हेड जास्त घासले तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतात.

नव्या गाड्यांनी हे अंगण आणखी लहान केले. 2007 ते 2020 या काळात डिझेल स्विफ्टमध्ये असलेले फियाटचे 1,248 सीसी इंजिन घ्या. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, आणि अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. पाणी कमी पडले की भोगते ते हेडच. 2016 च्या बोलेरो पॉवर प्लसला तीन सिलिंडरचे एमहॉक इंजिन आले. तिथे कॅम वर हेडातच, म्हणजे टायमिंग सोडल्याशिवाय गत्यंतर नाही. पुठ्ठा इथेही लागतो, पण त्याच्या जोडीला टायमिंग अडकवायची हत्यारे, स्कॅनर आणि कोन मोजून बोल्ट आवळायचा पाना हवा. ते नसेल तर ही इंजिने अंगणात उघडू नयेत, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आणि मूळ दुखणे बहुधा हेडाचे नसतेच. चिखलाने बुजलेला रेडिएटर, फाटका होज, कुलंटऐवजी बोअरचे जड पाणी, कुणीतरी ‘नको ती कटकट’ म्हणून काढून फेकलेला थर्मोस्टॅट. ते तसेच ठेवून नवे गॅस्केट बसवले तर पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी त्याच लिंबाखाली येते.

जोडणी झाल्यावर लगेच चावी मारून रेस करू नये. इंजिन पेटू न देता स्टार्टर थोडा थोडा फिरवून टर्बोपर्यंत तेल पोचू द्यावे, मग काही वेळ सावकाश चालू ठेवावे. आणि उतरवलेले जुने गॅस्केट फेकू नका. ते हेडासोबत पिशवीत घालून न्या: कुठे जळले ते त्यावर दिसते, आणि ज्या डिझेल इंजिनांना वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट येतात, त्यांच्या जाडीची खूणही त्याच्याच कडेला असते.