‘हिदाया’ची कोणती प्रत घ्यावी?

‘हिदाया’ मागितला तर पुस्तकविक्रेता तीन-चार निरनिराळ्या वस्तू पुढे ठेवील आणि सर्वांवर नाव मात्र एकच असेल. हनफी धर्मशास्त्रातला हा मान्यवर ग्रंथ. कर्ता बुऱ्हानुद्दीन मर्गिनानी, फरगाणा खोऱ्यातला, मृत्यू इ. स. ११९७. त्याने आधी ‘बिदायतुल मुब्तदी’ हे आटोपशीर मूळ लिहिले व मग त्यावर स्वतःच टीका केली, ती ‘हिदाया’. आपल्याकडच्या सूत्र-भाष्यासारखाच हा प्रकार. फक्त दोहोंचा कर्ता एक.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती प्रथम येते ती इंग्रजी प्रत. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेने मुसलमानांचे विवाह, वारसा इत्यादी तंटे त्यांच्या शास्त्राप्रमाणे तोडावयाचे ठरले. साहेबाला अरबी येईना. तेव्हा मौलवींकडून अरबीचे फारसी करविले, आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजी केले. ते १७९१ साली लंडनला चार खंडांत निघाले. फारसी करताना टीकांतला मजकूरही मध्येच गुंफला गेला. त्यामुळे मर्गिनानीचे शब्द कोठे संपतात ते कळत नाही. नमाज, रोजे, हज ही प्रकरणे गाळली. उपासनेपैकी जकात तेवढी राहिली. १८७० मध्ये ग्रेडीने याचीच एका खंडात आवृत्ती काढली. तरीही हॅमिल्टन टाकाऊ नव्हे. इंग्रजी अमदानीतले निवाडे समजून घ्यायचे तर हेच पुस्तक हवे, कारण न्यायाधीशांच्या मेजावर हेच होते.

वाटणीचा दावा मनात धरून मात्र कोणी हा ग्रंथ घेऊ नये. ‘हिदाया’त वारसाहक्काचे प्रकरणच नाही! त्यासाठी सजावंदीची ‘सिराजिया’ पाहावी लागते. तिचे इंग्रजी सर विल्यम जोन्सने १७९२ मध्ये केले.

आवृत्तीच्या निवडीने खरोखर काय बिघडते? एक उदाहरण घेऊ. एकदा नांदल्यावर, मेहेर फिटली नाही म्हणून बायकोने नवऱ्याकडे जाण्याचे नाकारावे काय? अबू हनीफा म्हणतात, नाकारता येते. त्यांचे दोघे शिष्य, अबू यूसुफ व मुहंमद, म्हणतात, येत नाही. १८८६ मध्ये अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्यात हाच प्रश्न अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आला. न्या. सय्यद महमूद अरबी जाणणारे. त्यांनी शिष्यांचा पक्ष उचलला. आता मर्गिनानीची लकब अशी की, जे मत त्याला पसंत, त्याची कारणे तो शेवटी देतो. आणि या जागी शेवट अबू हनीफांच्या कारणांनी होतो. ही लकब कोणी सांगितल्याशिवाय नुसता अनुवाद वाचणाऱ्याला दोन्ही मते सारख्याच तोलाची वाटतील. एका बाईचा हक्क असा वाक्यांच्या क्रमात दडलेला असतो.

म्हणून अरबी येत असेल त्याने टीकेसह प्रत घ्यावी. हिंदुस्थानात शिळाप्रेसवर छापलेल्या जुन्या प्रतींत लखनौचे अब्दुल हय्य (मृत्यू १८८६) यांच्या टिपा समासात दाटीवाटीने असतात. डोळ्यांना त्रास, पण विद्यार्थ्याला मोठा आधार. मिसरी छापात इब्नुल हुमामची ‘फत्हुल कदीर’ मिळते. तिचा शेवटचा भाग मात्र त्याचा नव्हे. तो १४५७ मध्ये वारला, आणि वकालतीच्या प्रकरणापासून पुढचे काझीजादाने पुरे केले. ग्रंथातल्या हदीसांचा माग काढायचा तर जैलईची ‘नस्बुर राया’ हवी. तिची चार खंडांची चांगली आवृत्ती १९३८ मध्ये कैरोत छापली गेली. पण ती काढली आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या डाभेलच्या मजलिसे इल्मीने.

अरबी येत नसेल तर इम्रान अहसन खान न्याझी यांचा थेट अरबीवरून केलेला इंग्रजी अनुवाद पाहावा. त्याचा पहिला खंड २००६ मध्ये निघाला. आणि आपले कोकणी मुसलमान बांधव बहुतांशी शाफई. त्यांच्या घरचा प्रश्न असेल तर ‘हिदाया’ची कोणतीच प्रत उपयोगी नाही, तेथे नववीचा ‘मिन्हाज’ काढावा.