जेल नेलपॉलिश घरी करताना: मिरचीवर ढकललेली खाज

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा लेखी उतारा. बोलताना झालेली अडखळ आणि मागून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ही बाई आत्तापर्यंत राउटर आणि इन्व्हर्टरवर बोलत होती, आज एकदम नखांवर? थांबा जरा. हा विषयही शेवटी करंट, प्रकाश आणि वेळ यांचाच आहे. आणि मला तो चांगलाच महागात पडलाय.

झालं असं. फेब्रुवारीत शहाद्याला माझ्या मामेबहिणीचं लग्न. पार्लरमध्ये जेल नेलपॉलिशचे एका जणीचे आठशे रुपये सांगितले. घरात आम्ही पाच बायका. सुरतला जाऊन करून येऊ असंही एकीच्या डोक्यात होतं, म्हणजे रेल्वेनं तीन तास जा, तीन तास या. मी म्हटलं, कशाला? ऑनलाइन चौदाशे रुपयांत अख्खा किट मिळतो. लॅम्प, बेस कोट, टॉप कोट, सहा रंग. बीटेक झालेल्या मुलीला व्हिडिओ बघून एवढं जमू नये?

जमलं की. हळदीच्या आदल्या रात्री पाच जणींची पन्नास नखं मी रंगवली. फोटो काय सुंदर आलेत! मग लग्नानंतर तीन-चार दिवसांनी माझ्या बोटांची टोकं खाजायला लागली. आधी लाल झाली, मग नखाच्या कडेला बारीक पाण्याचे फोड, मग सालपटं. आई बघून म्हणाली, "हाई काय करी लिधं वं पोरी?" आणि उत्तरही तिनंच दिलं: मिरची.

आता नंदुरबारकरांना हे पटणारच. आपल्याकडे त्या दिवसांत पथाऱ्या लाल झालेल्या असतात, घरोघरी वर्षाचं तिखट करायचं असतं, आणि देठ खुडून बोटांची आग झाली नाही अशी बाई शोधून सापडणार नाही. मीही त्याच आठवड्यात आईबरोबर बसून चार किलो मिरची निवडली होती. म्हणून पंधरा दिवस मी खोबरेल तेल लावत राहिले आणि दोष मिरचीला देत राहिले.

पण दोन्हींत फरक आहे, आणि तो मला आधी कळायला हवा होता. मिरचीची आग हात लावल्यावर काही मिनिटांत, फार तर काही तासांत सुरू होते आणि एखाद-दोन दिवसांत विझते. तिच्यात आग जास्त, फोड कमी. ॲलर्जी उशिरा येते, संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. आणि पुढच्या वेळी आणखी लवकर, आणखी जोरात येते. माझं तेच झालं. एका नखाचा टवका उडाला म्हणून मी पुन्हा थोडं जेल लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं तर सोडाच, डोळ्याच्या पापण्याही सुजल्या. पापण्यांना मी काही लावलं नव्हतं. हात डोळ्यांना लागतो, एवढं पुरतं.

मग त्वचेच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पॅच टेस्ट केली. संशयित पदार्थांच्या छोट्या छोट्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, मग आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. निकाल: ॲक्रिलेटची ॲलर्जी. बरी कधी होणार विचारलं, तर म्हणाल्या, खाज जाईल, ॲलर्जी राहील. जन्मभर.

हे ॲक्रिलेट म्हणजे काय, ते जरा सावकाश सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे.

साधं नेलपॉलिश वाळतं. त्यातला द्रव उडून जातो आणि मागे रंगाचा पापुद्रा उरतो. रासायनिक असं काही घडत नाही, म्हणूनच रिमूव्हरनं तो परत विरघळतो. जेल वाळत नाही. पंख्याखाली दिवसभर हात धरून बसलात तरी ते ओलंच राहणार. त्यात ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट जातीचे छोटे सुटे रेणू असतात, आणि सोबत थोडा प्रकाश ओळखणारा पदार्थ. लॅम्पचा अतिनील प्रकाश पडला की हा पदार्थ तुटतो, त्याचे तुकडे शेजारच्या रेणूला धरतात, तो पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. अशी साखळी बनत जाते आणि त्या साखळ्यांचं जाळं म्हणजे ते कडक, चकचकीत नख. दाढेत सिमेंट भरताना डेंटिस्ट निळा दिवा धरतात ना? तोच प्रकार, त्याच कुळातली रसायनं.

साखळीत अडकलेला रेणू सहसा त्रास देत नाही. सुटा राहिलेला देतो. तो त्वचेत शिरतो, आणि एकदा शरीरानं त्याला शत्रू म्हणून नोंदवलं की ती नोंद खोडता येत नाही. म्हणजे प्रश्न एवढाच की सुटे किती राहिले. आणि इथे माझी इंजिनिअरिंग साफ झोपली.

माझ्या किटच्या खोक्यावर लॅम्पची ताकद ५४ वॉट लिहिलेली. सोबत फक्त यूएसबी वायर, अडॅप्टर नाही. मी ती लॅपटॉपला लावली. आता हिशोब करा. साध्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो. गुणाकार अडीच वॉट. जुना मोबाइल चार्जर लावला असता, ५ व्होल्ट १ अँपिअरचा, तरी पाचच वॉट. ५४ वॉट त्या वायरमधून येणार कुठून? रोज सर्व्हरच्या लोडचे आकडे बघणारी मी, आणि हा गुणाकार मला पाच जणींचे हात होईपर्यंत सुचला नाही.

वाईट गोष्ट ही की अर्धवट शिजलेलं जेल दिसायला पूर्ण शिजल्यासारखंच दिसतं. वरचा थर कडक होतो, खाली नखाला लागून कच्चं राहतं. भाकरी वरून खरपूस आणि आत पिठूळ, तसं. गडद रंगांत हे जास्त होतं, कारण रंगच प्रकाश अडवतो. जाड थरात होतं. अंगठ्यावर होतं, कारण चार बोटांसोबत आत सरकवला की अंगठा आडवा पडतो आणि प्रकाश नखावर सरळ येतच नाही. अंगठे वेगळे, सपाट धरून करावे लागतात. शिवाय प्रत्येक कंपनीचं जेल ठरावीक प्रकाशावर बेतलेलं असतं, बहुतेक वेळा ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या आसपास. एकीचं जेल आणि दुसरीचा लॅम्प जुळेलच असं नाही.

दुसरी चूक त्वचेला लावण्याची. नखाच्या कडेची कातडी रंगली तर मी लॅम्पनंतर खरवडून काढत होते. आणि तिसरी, सगळ्यात मूर्खपणाची: टॉप कोट झाल्यावर वर एक चिकट थर राहतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे सगळ्यात वरचा थर जुळतच नाही, म्हणून तो चिकट. म्हणजे ते कच्चं रसायनच. तो थर मी पाचही जणींच्या नखांवरून एकाच बोळ्यानं पुसला आणि मधून मधून बोट फिरवून बघत होते, गेला का. पन्नास नखं. म्हणून पाच जणींत मलाच झालं. लावून घेणारीपेक्षा लावणारीचा संपर्क जास्त येतो, पार्लरमधल्या मुलींना हा त्रास होतो तो यामुळेच. हातमोजे घातले असते तरी पातळ मोज्यांतून ॲक्रिलेट काही मिनिटांत आरपार जातं. ते दर थोड्या वेळानं बदलावे लागतात.

हे किती जणांना होतं? ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये आकडा दिला होता: दवाखान्यांत ज्यांची पॅच टेस्ट झाली, त्यांच्यातल्या २.४ टक्क्यांना ॲक्रिलेटची ॲलर्जी निघाली. नीट ऐका, हा त्वचेची तक्रार घेऊन आलेल्यांमधला आकडा आहे, सगळ्या बायकांमधला नाही. तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण युरोपीय संघानं २०२० च्या नियमात हेमा नावाचं मेथाक्रिलेट असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची असं ठरवलं, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ हा प्रकाश ओळखणारा पदार्थ सौंदर्यप्रसाधनांत बंदच केला. टीपीओचं कारण ॲलर्जी नव्हतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो प्रजननाला घातक दिसला होता. 'हेमा फ्री' लिहिलेली बाटली घेतली म्हणजे सुटलो असंही नाही, त्यात दुसरी ॲक्रिलेट असतातच. माझ्या किटवर तर घटकांची यादीच नव्हती. यादी नसेल तर घेऊ नका, विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, नाही लावलं नेलपॉलिश तर काय बिघडलं? माझं खरं टेन्शन तिथे नाहीच. हीच रसायनं दातांच्या भरणात आहेत. गुडघा किंवा खुबा बदलताना लावतात त्या हाडांच्या सिमेंटमध्ये आहेत. साखर मोजायला दंडावर चिकटवतात त्या सेन्सरच्या गोंदात त्यांच्याच जातीचं काहीतरी सापडलेलं आहे. म्हणजे उद्या मला दात भरायचा असेल तर आधी सांगावं लागणार. आणि माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. तिची दहा नखं मीच त्या अडीच वॉटच्या उजेडात केली होती.

आईला काही झालं नाही. खाज नाही, फोड नाही. तरी सर्जनना मी हे सगळं सांगितलंय, त्यांनी नोंद करून घेतली. आणि जेल ऑपरेशनच्या बऱ्याच आधी काढून टाकलं, कारण बोटाला लावतात ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र नखातून प्रकाश पाठवतं, नख रंगवलेलं असेल तर आकडा चुकू शकतो. घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर एवढं लक्षात ठेवा.

अतिनील प्रकाशाबद्दल खूप जणी विचारतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पेशी सलग २० मिनिटं अशा लॅम्पखाली ठेवल्या, तर २० ते ३० टक्के पेशी मेल्या. पण त्या काचेच्या बशीतल्या उघड्या पेशी होत्या, वर कातडी नव्हती, आणि आपला हात एका वेळी २० मिनिटं आत नसतो. मला व्यक्तिशः ॲलर्जीची भीती जास्त वाटते. तरी स्कूटीवर घालतो ते हातमोजे बोटांची टोकं कापून घालायला काहीच खर्च नाही.

एवढं ऐकूनही घरी करायचंच असेल तर करा, मी कुणाचा हात धरणार नाही. लॅम्प आणि जेल एकाच कंपनीचं, लॅम्प त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवर, भिंतीतल्या प्लगला. लाइट जा-ये करत असेल तर तो दिवस सोडा. आधी तासभर भांडी, कपडे नकोत, कारण नख पाणी पितं आणि फुगतं, मग सुकताना आकसतं आणि वरचा थर सुटतो. थर इतका पातळ की पहिला रंग अपुरा वाटला पाहिजे. कातडीपासून केसभर जागा सोडायची, लागलंच तर लॅम्पच्या आधी पुसायचं, नंतर नाही. चिकट थर पुसताना दर नखाला नवा बोळा, आणि बोट लावायचं नाही.

काढताना सोलू नका. सोलताना नखाचेही पापुद्रे निघतात, आणि बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण भरून यायला सहाएक महिने. ॲसिटोनचा बोळा, वर फॉइल, दहा-पंधरा मिनिटं. हे काम स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ नाही, ॲसिटोन झटकन पेट घेतं. आमच्याकडे एक मावशी समईशेजारी बसून काढत होत्या, सांगताना आत्ता हसू येतंय.

मी आता काय करते? साधं नेलपॉलिश, वर एक टॉप कोट, तिसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. पाच-सहा दिवस निघतात. आणि लग्नकार्य असेल तर नखांना मेंदी. तिच्यातला रंग नखाच्या केराटिनलाच धरतो, म्हणून तो निघत नाही, नखाबरोबर वाढून पुढे सरकतो. आजीची नखं बारा महिने केशरी असायची. फक्त काळी मेंदी नको, तिच्यात केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी मिसळलेलं असू शकतं, आणि त्याची ॲलर्जी हा वेगळा भाग होईल.

किटचं काय केलं, तेही सांगते. कच्चं जेल बेसिनमध्ये ओतायचं नाही. मी जाड मोजे घालून सगळ्या बाटल्या फॉइलवर पातळ पसरल्या आणि गच्चीत उन्हात ठेवल्या, उन्हातल्या अतिनीलनं ते आपोआप कडक होतं. संध्याकाळी सहा रंगांचा एक कडक पापड तयार होता, तो कचऱ्यात टाकला. मिरच्या वाळत होत्या त्या दुसऱ्या टोकाला, हे आईनं तीनदा तपासलं.